काकाकुव्याच्या घरी बैल

शनिवार, ५ एप्रिल

मोसमाचा पहिला सामना. हरलो. कितीने ते लिहीत नाही. वही कोरी आहे, पहिल्याच पानावर डाग कशाला.

वही मार्लीनने आणली. "ट्रेव्हर," ती म्हणाली, "सामन्याबद्दल जे काही ओकायचंय ते यात ओक. इतकी वर्षं ऐकलं, आता मला सोमवार ते शुक्रवार शांतता पाहिजे." लग्नापासून तिने केलेल्या मागण्यांपैकी ही पहिलीच मान्य झालेली.

तर नोंद अशी, की यारापिनचे काकाकुवे, म्हणजे आमच्या गावचा फुटबॉल संघ, यंदाही उडणार नाहीत. पंख आहेत, चोच आहे, कलकलाट तर विचारू नका. फक्त चेंडू मधल्या दोन खांबांतून घालवायचा असतो, हे कोणीतरी पोरांना सांगायला हवं. आमचा नवा पुढचा खेळाडू गोलासमोर असा अवघडून उभा राहतो, जसा काही बँकेत कर्ज मागायला आलाय.

मिरीच्या झाडाखालची जागा मात्र आमचीच. वडील तिथे गव्हाचा ट्रक लावत, मी माझी यूट लावतो, मागे उघडी फळी असलेली गाडी. सीमारेषेला खेटून, तोंड मैदानाकडे. ट्रक मोडीत गेला तेव्हा त्याचा भोंगा तेवढा काढून मी यूटला बसवला. आमच्याकडे गोल झाला की कोणी टाळ्या वाजवत बसत नाही, मैदानाभोवतीच्या गाड्यांचे भोंगे वाजतात. माझा वाजला की गाय अडल्यासारखा आवाज येतो आणि पार गावाबाहेरच्या माणसालाही कळतं, क्वेलने वाजवला.

डावीकडे नेहमीप्रमाणे मर्व्ह टलक. वय ऐंशीच्या पुढे, गाडीतून उतरत नाही, काच बोटभर खाली. उजवीकडे, माझ्याच यूटमध्ये, रिकामी सीट.

ती टेगनची. चार वर्षांची असल्यापासून लेक तिथे बसत आलीय, आणि भोंग्यावर हात तिचा. साधा गोल झाला की एकदा, शेजारच्या डॅलरी गावाविरुद्ध झाला की दोनदा, हा नियमही तिनेच केलेला. आणि आता तीच त्या डॅलरीच्या संघाकडून, बैलांकडून खेळणार! किरमिजी जर्सीत!

कारण काय, तर यंदा आमच्याकडे महिलांचा संघ नाही. नाही तर नाही. फेब्रुवारीत समितीची सभा झाली, तीत ठरलं. मुली अकराच, लागतात सोळा, कपडे बदलायची खोली एकच, कोण निस्तरणार. चार विरुद्ध तीन. मीही हात वर केला, कारण स्नॅगचा हात वर होता आणि माझा चहा मागायला तसाही अर्धा वर गेलेलाच होता. एवढ्यावरून कोणी उठून शत्रूकडे जातं? डॅलरीवाल्यांनीच फूस लावली असणार. त्या गावाचं पाणीच तसं आहे.

सोमवार, ७ एप्रिल

स्नॅग ऑडगर्स दुकानात आला. स्नॅग म्हणजे क्लबचा अध्यक्ष. खरं नाव बॅरी, पण दर शनिवारी क्लबच्या शेगडीवर सॉसेज भाजून भाजून त्याला सॉसेजचंच नाव पडलं. मी ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. तो पट्टा घ्यायला आला होता.

"काय रे ट्रेव्ह, घरात बैल बांधलाय म्हणे?"

"पोरगी आहे. वर्षभरात कंटाळेल."

"कंटाळेल, कंटाळेल. वासरू संध्याकाळी गोठ्यात येतंच. पट्ट्यावर काही सूट?"

"अध्यक्षांना सूट, तीही पहिला सामना हरल्यावर?"

"मी कुठे खेळलो?"

"तेच तर. तू खेळला असतास तर इतक्याने हरलो नसतो."

हसला आणि गेला. मला मात्र दिवसभर चैन नाही. दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नट दिले.

रविवार, २७ एप्रिल

आज घरात तमाशा झाला. आधी कारण लिहितो, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर माझी बाजू कळेल.

महिलांचे सामने रविवारी असतात. टेगन डॅलरीत भाड्याने राहते, तिथल्या धान्याच्या कोठारांवर विजेची कामं करते. कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं म्हणून सामना आटोपून इकडे आली. चांगलं आहे, हक्काचं घर आहे. मी मागच्या दारी गेलो तर आमच्या गोल फिरणाऱ्या तारेवर किरमिजी-निळी जर्सी गिरक्या घेतेय. वाऱ्याने एकदा इकडे तोंड, एकदा रस्त्याकडे. सगळ्या गावाला प्रदर्शन फुकट.

"हे काय आहे?"

"जर्सी. ओली आहे, डॅड. ओल्या वस्तू तारेवर घालतात."

"शेडमध्ये घाल. रस्त्यावरून दिसतं."

"दिसू दे की. चोरीची नाहीये."

"टेगन, तुझे पणजोबा काकाकुव्यांकडून खेळले. आजोबा खेळले. मी खेळलो."

"तू बाकावर बसलास. तीन वर्षं. तूच सांगतोस ना."

"बसलो तरी पिवळ्या जर्सीत बसलो!"

मार्लीन मध्ये पडली, "अरे, रोस्ट गार होतंय." कोणी ऐकलं नाही. मी जर्सी काढायला हात घातला तेव्हा पाठीवरचा आकडा दिसला. तेवीस. माझा नंबर! संघ पळवला तो पळवला, नंबरसुद्धा सोडला नाही यांनी. तेही बोलून दाखवलं.

टेगन माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने जर्सी तारेवरून ओढली, ओलीचिंब तशीच अंगात चढवली आणि गाडीत जाऊन बसली. रोस्टला हात लावला नाही. बटाटे मी खाल्ले, पण गोड लागले नाहीत.

शनिवार, ३ मे

हरलो.

रविवार, ११ मे

मातृदिन. टेगन आली नाही. फुलं पाठवली, आईच्या नावाने. कार्डावर माझा उल्लेख नाही, पण मी आई नाही हे खरंच.

दुपारी मार्लीनही घरात नव्हती. बागकाम मंडळात नाव घातलंय तिने, दर रविवारी असतं. मातृदिनाच्या दिवशी कसली बागकामं? आमच्या बागेत एक गुलाब आणि एक नळ. नळाला जास्त पाणी लागतं. पण हे वहीत लिहितोय, तिला विचारलं नाही. दिवसभर खोल्यांतून येरझाऱ्या घातल्या. एकदा फोन उचलला आणि ठेवला.

शनिवार, ७ जून

जिंकलो!!

जिंकलो. पुन्हा लिहून बघितलं, खरंच आहे. तो अवघडलेला पोरगा, बँकवाला, त्याने शेवटच्या क्वार्टरमध्ये कोपऱ्यातून असा चेंडू हाणला की लोकांना आधी वाटलं चुकून लागला. मी भोंगा इतका वेळ दाबून धरला की मर्व्हने काच खाली केली.

"बॅटरी जाईल," म्हणाला.

"जाऊ दे, मर्व्ह! जिंकलो!"

"हं," म्हणाला, काच वर.

क्लबात सगळ्यांनी गाणं म्हटलं. मी टेबलावर चढलो, स्नॅगने उतरवलं. घरी येताना यूटमध्ये एकटाच ओरडलो. मग ओरडायचं थांबलो. शेजारी कोणी नसलं की आनंद लवकर संपतो, बियर संपावी तसा. मार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा." टेगनला कळलं असेलच, आकडे सगळीकडे येतात. तिने काही कळवलं नाही. मीही नाही. सुरुवात तिने करायला हवी.

रविवार, २२ जून

मार्लीनच्या बागकाम मंडळाचं लक्षण ठीक नाही. आज घसा बसवून घरी आली. नाक हिवाळ्याच्या थंडीने लाल, गमबुटांना मैदानात असतो तसा चिकट चिखल. सकाळी दोन डझन संत्री फोडी करून डब्यात भरून नेली होती.

"इतकी संत्री?"

"सगळ्यांना लागतात."

"आणि आवाज कशाने बसला?"

"चर्चा झाली."

माझा तर्क असा, की मंडळात दोन तट पडलेत, गुलाबवाले आणि कॅमेलियावाले. बायकांच्या मंडळांत हे व्हायचंच. बाकी मार्लीन कधी आवाज चढवत नाही. तिला ओरडायला लावणारा माणूस कोण, हे एकदा बघायला पाहिजे.

शनिवार, ५ जुलै

लागोपाठ तिसरा विजय. आठ संघांत आम्ही सहावे. पहिले पाच बाद फेरीत जातात.  आशा वाईट. हरत होतो तेव्हा निदान झोप लागायची. आता रात्री दोन वाजता उठून गुणतक्ता मांडत बसतो.

मध्यंतरात मर्व्हने काच खाली केली. "तुझी मुलगी बरी खेळते."

"कोण म्हणालं?"

"लोक."

"मर्व्ह, तू लोकांशी कधीपासून बोलायला लागलास?"

काच वर.

रविवार, १३ जुलै

डॅलरीच्या पलीकडे एका शेतकऱ्याला पंप पोचवायचा होता. रविवारी. गिऱ्हाइकाची सेवा म्हणजे सेवा, वार बघत नाही. त्याने सोमवारी चालेल म्हटलं होतं, पण सोमवारचा काय भरवसा.

परत येताना इंजिन तापल्यासारखं वाटलं. जुलैत, ऐन हिवाळ्यात, सावलीत दुपारपर्यंत दहिवर पांढरं असताना. म्हणून थांबलो. थांबलो तो नेमका डॅलरीच्या धान्याच्या कोठारांमागून मैदानाकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, कारण तिथे जागा होती आणि तिकिटाचं फाटक नव्हतं. झुडपं होती. झुडपांतून मैदान दिसत होतं, त्याला माझा इलाज नाही.

तेवीस नंबर मध्यात खेळत होती. मी तिला लहानपणापासून अंगणात खेळताना बघितलंय, गेल्या वर्षी आमच्या त्या कशाबशा संघातही. पण ही कोणी वेगळीच. चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभी. एकदा दोघींच्या खांद्यांवरून उसळून तिने तो हवेतच पकडला, आणि खाली आली ती दोन्ही पायांवर, मांजर कपाटावरून यावं तशी. पंचाने शिट्टी दिली. आमच्या खेळात हवेतला झेल म्हणजे मोकळी लाथ. लांब होतं, वारा आडवा. ती चार पावलं मागे गेली, मोजे वर ओढले. मोजे वर ओढायची सवय माझी.

गोल.

बैलांच्या गाड्यांचे भोंगे वाजले, थांबले. मग शांततेत आणखी एक वाजला. दोनदा. गाय अडल्यासारखा.

माझा हात भोंग्यावर होता. कसा गेला, मला माहीत नाही. आणि दोनदा का! डॅलरी गोल करत होती, डॅलरीविरुद्ध होत नव्हता!

सगळं मैदान कोठारांकडे वळलं. टेगन वळली. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. मी सीटखाली वंगणाचा डबा शोधायला वाकलो. बराच वेळ शोधला. आमच्या यूटमध्ये वंगणाचा डबा नसतो.

डोकं वर काढलं तेव्हा क्वार्टर संपला होता आणि पलीकडून एक बाई संत्र्यांचा डबा घेऊन मैदानात धावत होती. वाटेत थांबून तिने पंचाला काहीतरी असं सुनावलं की तो दोन पावलं मागे सरला. गमबूट ओळखीचे. बागकाम मंडळाच्या शाखा कुठवर पसरल्या आहेत!

घरी आलो. थोड्या वेळाने मार्लीन आली. भोपळ्याचं सूप गरम केलं. दोघं समोरासमोर.

"पंप पोचला?"

"पोचला. गुलाब कसे आहेत?"

"बहरलेत."

"छान," मी म्हटलं. पुढे दोघंही सूपच प्यायलो.

सोमवार, १४ जुलै

सकाळी दुकान उघडतोय तर स्नॅग हजर.

"काल बैलांच्या मैदानावर गाय अडली होती म्हणे."

"हो का? मग सुटली का?"

"ट्रेव्ह, हसू नकोस. लोक बोलतायत. समितीतला माणूस त्यांच्या गोलाला भोंगा वाजवतो? आपण सहावे आहोत! पोरांचं मन कसं लागेल?"

"कोठारांत वारा शिरला की तसा आवाज येतो."

"दोनदा?"

"दोन कोठारं आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी नटबोल्टांकडे बघितलं. गेला.

संध्याकाळी टेगनचा फोन. एप्रिलनंतर पहिला. 

"डॅड, काल आला होतास?"

सरळ हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "मी? नाही. पंप पोचवायला गेलो होतो. पलीकडे."

"भोंगा वाजला. दोनदा."

"वारा असेल."

 मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग ती म्हणाली, "बरं. वाऱ्याला निरोप दे, चोरवाटेने येत जाऊ नकोस. फाटक पुढच्या बाजूला आहे."

"टेगन..."

"आणि फेब्रुवारीत हात वर झाला तोही वाऱ्यानेच का?"

तिने फोन ठेवला. तिला कोणी सांगितलं? समितीतलं बोलणं बाहेर जाता कामा नये. हे कोण फोडतं, याचा छडा लावायला हवा.

बुधवार, १६ जुलै

छडा वगैरे लावत नाही.

चार विरुद्ध तीन. त्यातला एक हात खाली राहिला असता तर तीन विरुद्ध चार. दुसरीतल्या पोराचं गणित. ते मला सुचलं नव्हतं असं नाही, मी ते मांडलं नव्हतं.

शनिवार, १६ ऑगस्ट

पाचवे! बाद फेरीत! स्नॅग रडला. रडताना सॉसेज जळले, ते लोकांनी तसेच खाल्ले. टेगन शाळेत होती तेव्हा शेवटचं इथवर पोचलो होतो. बँकवाल्या पोराला आता लोक रस्त्यात थांबवून हात मिळवतात.

आणि आता लीगच्या विद्वानांची करामत. बाद फेरीचा सामना पुढच्या शनिवारी दुपारी, आमच्या मैदानावर. महिलांचा अंतिम सामना पुढच्या शनिवारी, त्याच दुपारी, डॅलरीत. बैल विरुद्ध हॅमंड. वर्षात शनिवार बावन्न, त्यांना दोन सापडले नाहीत.

मार्लीन भांडी विसळत होती. "शनिवारी मी बागकाम मंडळात आहे," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"माहीत आहे."

"तू?"

"बाद फेरी आहे, मार्लीन. इतक्या वर्षांनी."

"हं. मागच्या वेळी तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"तिने मला ये म्हटलेलं नाही."

"म्हटलंय," ती म्हणाली आणि नळ बंद केला. "फाटक कुठे आहे तेही सांगितलंय."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

यूट आजच मिरीच्या झाडाखाली लावून आलो, जागा जायला नको. चालत घरी. वाटेत तीनदा मागे फिरलो. 

इथेच थांबायचं असं ठरवलंय. एका माणसाने दोन ठिकाणी असू नये. ती चोवीस वर्षांची आहे, समजून घेईल. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी घेईल. पुढच्या वर्षी नाही घेतलं तर काय, ते लिहायला सुचत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

मध्यंतराला आम्ही तीन गोलांनी, म्हणजे अठरा गुणांनी पुढे. असं खेळताना काकाकुवे मी बघितले नव्हते. भोंगे, आरोळ्या, खिमा भरलेले गरम मीट-पाय आणि सॉसचा वास. आयुष्यभर जे मागितलं ते समोर चाललं होतं, आणि मला सीटवर बसवेना. उतरलो. एक मीट-पाय खाल्ला, चव कळली नाही. पुन्हा बसलो. प्रत्येक गोलाला भोंगा वाजवायचा, आणि उजवीकडे बघायचं.

मग मी चावी फिरवली.

आमच्याकडे लावलेली गाडी सामना संपण्याआधी कोणी काढत नाही. आग लागली तरी लोक आधी गुणफलक बघतील. मी गाडी मागे घेतली आणि त्या रांगेत पडलेल्या दातासारखी खिंड दिसायला लागली. स्नॅग हातात चिमटा घेऊन धावत आला आणि बॉनेटवर थाप मारली.

"कुठे चाललास?"

"डॅलरीला."

"ट्रेव्ह, आपण जिंकतोय! जिंकत असताना जागा सोडत नाहीत! फिरेल सगळं!"

"मी इथे बसून गोल करतो का, स्नॅग?"

"तो प्रश्न नाही!" त्याचा आवाज चिरकला. "आणि समितीचं काय? लोकांना काय सांगू?"

"सांग, वारा गेला म्हणून."

मर्व्हने काच खाली केली. अर्धी नव्हे, पूर्ण. "जा रे बाबा," म्हणाला, "मुलगी वाट बघत नाही." आणि इंजिन चालू करून त्याने आपली जुनी गाडी आडवी करत माझ्या रिकाम्या जागेत घातली. मी ओळखतो तेव्हापासून ती गाडी हलताना पहिल्यांदाच बघितली.

डॅलरीला पोचलो तेव्हा तिसरा क्वार्टर संपत आला होता. या वेळी कोठारांची वाट नाही. पुढचं फाटक. तिथे खुर्चीत एक बाई विणत बसली होती. तिने माझा पिवळा मफलर बघितला, मग भोंगा बघितला.

"अगं बाई, गाय आली," म्हणाली. "जा आत. शेवटच्या क्वार्टरला पैसे घेत नाही आम्ही."

"मला पूर्ण तिकीट पाहिजे."

"अहो, फुकट आहे म्हटलं ना."

"बाई, कृपा करा. फाडा."

तिने फाडलं. मी ते काचेला चिकटवलं आणि बैलांच्या गाड्यांच्या रांगेत, दोन अनोळखी किरमिजी झेंड्यांच्या मध्ये, तोंड मैदानाकडे करून यूट लावली. लोक बघत होते. बघू देत. मार्लीन पलीकडून आली, दार उघडलं आणि शेजारी बसली.  संत्र्याची फोड दिली.

टेगनने शेवटच्या क्वार्टरमध्ये एक गोल केला. मी एकदा वाजवला. हॅमंडविरुद्ध एकदाच असतो. तिने मान वळवली, या वेळी हात डोळ्यांवर न धरता, आणि दुसऱ्या क्षणाला चेंडूमागे पळाली. खेळ चालू असताना बघत बसू नये हे मीच शिकवलंय.

हरल्या. चार गुणांनी. शेवटच्या मिनिटाला चेंडू टेगनच्याच हातून निसटला. ती चिखलात बसून राहिली. मला उतरून धावत जावंसं वाटलं. मार्लीनने माझी बाही धरून ठेवली. "तिच्या मैत्रिणी आहेत तिथे," म्हणाली. होत्या. पाच-सहा जणी तिच्याभोवती चिखलातच बसल्या.

बऱ्याच वेळाने ती आली आणि यूटच्या मागच्या फळीवर चढून बसली. पाय हलवत. आम्ही तिघं मीट-पाय खात बसलो.

"काकाकुव्यांचं काय झालं?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही?" तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "मॉम, याला ताप आहे."

"टेगन, फेब्रुवारीत मी चुकलो," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी संघ उभा करतो. मत परत घ्यायला लावतो. तू परत ये."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, डॅड. यांनी मला घेतलं तेव्हा सभा नाही भरवली कोणी. मी इथेच खेळणार."

माझ्या हातातला मीट-पाय खाली पडला. "मग संघ उभा करू कुणासाठी?"

"माझ्या एकटीसाठी करणार होतास? बाकीच्या दहाजणी काय करतायत, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. मार्लीन दुसरीकडे बघत होती, म्हणजे तिला उत्तर माहीत होतं.

"उभा कर," टेगन म्हणाली. "मग आमच्याकडून हरा."

"हरा? आम्ही?"

"मध्यात कोण आहे तुमच्याकडे? माझ्यासमोर उभी कोण राहणार?"

"मिळेल कोणीतरी! तू दर वेळी डावीकडेच वळतेस, आंधळ्यालाही दिसतं. शेवटचा चेंडू त्यानेच गेला."

"तो ओला होता!"

"दोघींसाठी सारखाच ओला होता!"

"संघ अजून जन्मला नाही," मार्लीन म्हणाली, "आणि यांचं भांडण सुरूही झालं." ती हसत होती. टेगनही, चिखलाने भरलेल्या तोंडाने. निघताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी रोस्ट आहे का?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "बटाटे माझे."

रविवार, २४ ऑगस्ट

काकाकुवे दोन गुणांनी हरले. मी गेल्यावर दहा मिनिटांत वारा फिरला म्हणे. सकाळी वर्तमानपत्र आणायला गेलो तर तिघांनी तोंड फिरवलं, चौथ्याने विचारलं, "डॅलरीत हवा कशी होती?" बँकवाल्या पोराने मात्र मान हलवली. त्याने शेवटची लाथ हुकवलीय, तो कोणावर ठपका ठेवायच्या मनःस्थितीत नाही.

वाईट वाटतं. फार. रात्री दोनदा उठून मनात तो शेवटचा क्वार्टर खेळलो, जो मी बघितलाच नाही. मी थांबलो असतो तर? मी इथे बसून गोल करतो का, हे स्नॅगला विचारणं सोपं. स्वतःला विचारलं की उत्तर नीट येत नाही.

दुपारी त्यालाच फोन केला. आधी तो अर्धा तास बोलला. मग मी सांगितलं, सप्टेंबरच्या सभेत महिलांच्या संघाचा ठराव मी मांडणार.

"तुझी पोरगी येतेय परत?"

"नाही येत. ती तिकडेच खेळणार."

"मग तुला काय मिळणार यातून?"

"हरायला आणखी एक संघ."

 तो म्हणाला, "ट्रेव्ह, तुझं डोकं फिरलंय," पण ठेवला नाही फोन. थोड्या वेळाने विचारलं, "खोली एकच आहे, तिचं काय करायचं?" म्हणजे विचार करतोय.

संध्याकाळपासून घरात फेऱ्या मारतोय. मार्लीनने दोनदा बस म्हणून सांगितलं. टेगन डावीकडे वळते, पण वळण्याआधी उजवा खांदा टाकते. त्याला फसणारी नको. उंच हवी, धक्का सोसणारी हवी. बेकरीत एक मुलगी आहे, पिठाची गोणी एका हाताने उचलते. त्या अकराजणींत ती होती, असं मार्लीन म्हणते. नाव मला आठवत नाही, तेही विचारायला हवं. उद्या बेकरी उघडली की पहिल्यांदा तिथे जातो, पाव घ्यायचाच आहे.